सॅक पॅनिक

लिनक्सच्या कर्नलमधील टीसीपी विभागातला दोष. दूर बसलेल्या माणसाला तो वापरून सर्व्हर बंद पाडता येत असे. नोंदक्रमांक सीव्हीई-२०१९-११४७७. नेटफ्लिक्समधील जोनाथन लूनी यांनी तो शोधला आणि १७ जून २०१९ रोजी तो जाहीर झाला. मार्च २००९ च्या २.६.२९ या आवृत्तीपासून, म्हणजे तब्बल दहा वर्षे, तो कर्नलमध्ये होता.

टीसीपीने पाठवलेल्या माहितीचे काही तुकडे वाटेत गहाळ झाले, तर कोणते पोचले ते घेणारा कळवतो. या निवडक पोचपावतीला ‘सॅक’ म्हणतात. १९९६ च्या आरएफसी २०१८ मध्ये ती ठरवून दिली आहे. तिच्यामुळे गहाळ झाले तेवढेच पुन्हा पाठवावे लागते. ही पावती आली की कर्नल लगतचे बफर एकत्र जोडतो आणि त्यांतल्या तुकड्यांची संख्या १६ बिटांच्या रकान्यात लिहितो. तिथे ६५,५३५ च्या पुढचा आकडा मावत नाही. एरवी तो तेवढा वाढतही नाही. पण जोडणी करतानाच समोरच्याने तुकड्याची मर्यादा ४८ बाइट सांगितली, तर ४० बाइट टीसीपीच्या पर्यायांत जाऊन माहितीसाठी जेमतेम ८ उरतात. एक्स८६ यंत्रावर एका बफरात ३२ किलोबाइटचे १७ भाग बसतात. ८-८ बाइटांनी त्यांचे तुकडे होतात ६९,६३२! रकाना ओसंडतो, हिशेब जुळत नाही, आणि विसंगती पकडण्यासाठी ठेवलेली तपासणी कर्नललाच थांबवते.

पासवर्ड लागत नाही. सर्व्हरने जोडणी स्वीकारून माहिती पाठवायला घेतली की पुरे. माहिती चोरीला जात नाही म्हणून हा दोष सौम्य मानणे चूक आहे. ज्याचे काम त्या सर्व्हरवर अडले आहे, त्याच्या दृष्टीने सगळेच बंद पडलेले असते.

दुरुस्तीनंतर बेरीज ६५,५३५ ओलांडणार असेल तर बफर जोडलेच जात नाहीत. ४.४.१८२, ४.९.१८२, ४.१४.१२७, ४.१९.५२ आणि ५.१.११ या आवृत्त्यांत ती आली. तात्पुरता उपाय म्हणून सॅक बंद ठेवता येते किंवा फायरवॉलवर फार लहान मर्यादा सांगणाऱ्या जोडण्या अडवता येतात. त्याच दिवशी आणखी तीन संबंधित दोष जाहीर झाले. त्यांपैकी एक फ्रीबीएसडी १२ मधला होता.

नवा कर्नल बसवल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. थेट पॅच लावलेला नसेल, तर तोवर जुनाच कर्नल चालू राहतो.