एक सोडून एक : मोटारीच्या ऑइल फिल्टरचा छोटा इतिहास

१/ मित्रहो, आजच्या धाग्याचा विषय किल्ल्यांचा वा तहांचा नसून गॅरेजमधला आहे. इंजिनाचे तेल बदलताना ऑइल फिल्टरही प्रत्येक वेळी बदलावा, की जुनाच आणखी एक खेप चालवावा? गेल्या महिन्यात आमच्या घरी यावरून बराच वाद झाला. मेकॅनिकने विचारले, "फिल्टर नवा टाकायचा ना?" वडील म्हणाले, "मागच्या वेळी टाकलाय. एक सोडून एक."

२/ हा नियम वडिलांना आजोबांकडून मिळालेला. आजोबांची अ‍ॅम्बेसेडर होती आणि तिच्या खर्चाची वही त्यांनी निष्ठेने ठेवली होती. १९७० च्या दशकातील त्या वहीत एका नोंदीत 'तेल बदलले, फिल्टर तोच' असे आढळते आणि पुढच्या नोंदीत 'तेल व फिल्टर'. त्या नियमावर ती गाडी वर्षानुवर्षे चालली. मग तोच नियम आज चुकीचा कसा म्हणावा? याच्या उत्तरासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते.

३/ सुरुवातीच्या अनेक मोटारींना ऑइल फिल्टर नव्हताच. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात सुमारे दीड कोटींच्या संख्येने बनली. तिच्या इंजिनात तेलाचा पंपही नव्हता. फिरणारे भाग तळातील तेल उडवीत आणि त्या शिंतोड्यांवर सारे वंगण चाले. तेल गाळण्याची सोय नसल्याने ते वरचेवर बदलणे हाच स्वच्छतेचा मार्ग होता.

४/ पुढे इंजिने वेगवान झाली आणि पंपाच्या दाबाने थेट बेअरिंगपर्यंत तेल पोहोचवण्याची पद्धत रूढ झाली. आता तेलातील धूळ, काजळी आणि धातूचा कीसही त्याच दाबाने बेअरिंगपर्यंत पोहोचू लागला. १९२३ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीसाठी तेल गाळणारे उपकरण सिद्ध केले. 'पुढेही शुद्ध तेल' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून त्याला 'प्युरोलेटर' हे नाव पडले. १९२४ मध्ये बाजारात आलेल्या क्रायस्लरच्या पहिल्या मोटारीत बदलता येणारा ऑइल फिल्टर होता.

५/ येथे एक तांत्रिक भेद ध्यानात घ्यावा, कारण पुढचा सारा वाद त्यावर उभा आहे. त्या काळातील बहुतेक फिल्टर 'बायपास' पद्धतीचे होते. पंपाने ढकललेल्या तेलाचा लहानसा हिस्साच फिल्टरमधून जाई आणि गाळून परत तळाच्या चेंबरमध्ये पडे. बाकीचे तेल न गाळता थेट बेअरिंगकडे जाई. असा फिल्टर तुंबला तरी इंजिनाचे वंगण थांबत नसे. तो असणे चांगले, नसला तरी गाडी चाले, अशी त्याची योग्यता होती.

६/ म्हणूनच अनेक कंपन्यांनी फिल्टर दीर्घकाळ 'जादा पैसे देऊन घेण्याची वस्तू' म्हणून विकला. शेवरोलेचे १९५५ चे प्रसिद्ध व्ही-८ इंजिन पाहा. त्याच्या मूळ रचनेत फिल्टरला जागाच नव्हती. हवा असल्यास ग्राहकाने बायपास फिल्टर वेगळा बसवून घ्यावा! दुसऱ्याच वर्षी, १९५६ मध्ये, कंपनीने त्या इंजिनात संपूर्ण तेल गाळणाऱ्या फिल्टरची सोय केली.

७/ जर्मनीतील फोक्सवॅगन बीटलने तर आणखी निराळी वाट धरली. २००३ पर्यंत २ कोटी १५ लाखांहून अधिक बनलेल्या या मोटारीच्या मूळ वातशीतित इंजिनात कागदी फिल्टर नव्हता. तळाशी धातूची जाळी होती. तेल बदलताना ती काढायची, धुवायची आणि पुन्हा बसवायची. म्हणजे एके काळी 'जुनाच फिल्टर पुन्हा वापरणे' हा कंजूषपणा नव्हता. ती कारखान्याचीच सूचना होती.

८/ आपल्याकडेही हे उदाहरण घरोघरी आहे. हिरो होंडा स्प्लेंडर १९९४ मध्ये आली. तिच्या इंजिनात बदलण्याचा कागदी फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि गरगर फिरून कचरा बाहेरच्या कडेला फेकणारा केंद्रोत्सारी फिल्टर आहे. दोन्ही साफ करून पुन्हा वापरायचे. तेव्हा 'फिल्टर पुन्हा वापरावा का?' या प्रश्नावर पहिला प्रतिप्रश्न असा हवा : कोणता फिल्टर?

९/ आता संपूर्ण तेल गाळणाऱ्या, म्हणजे 'फुल-फ्लो' फिल्टरकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत सर्वत्र पसरली. यात पंपातून निघालेले सारे तेल आधी फिल्टरमध्ये जाते आणि मग बेअरिंगकडे. येथे फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडे पडेल. म्हणून अशा रचनेत एक सुरक्षा झडप ठेवतात. फिल्टरच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक वाढला की ती उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. घाण तेल चालेल, पण तेल नसणे चालणार नाही, असा हा हिशेब आहे.

१०/ अ‍ॅम्बेसेडरच्या बीएमसी इंजिनात फुल-फ्लो फिल्टर होता. धातूच्या वाटीसारख्या भांड्यात बदलता येणारे एलिमेंट बसवलेले असे. भांडे खोलायचे, रॉकेलने धुवायचे, आत नवे एलिमेंट घालायचे. भांडे धुण्याच्या या सवयीतून कागदी एलिमेंटही धुऊन परत घालण्याचा मोह होतो. तो अजिबात टाळावा. घाण कागदाच्या तंतूंमध्ये खोलवर रुतलेली असते. धुताना तिचा काही भाग सुटून स्वच्छ बाजूला जातो, आणि तेथून पुढचा मुक्काम थेट बेअरिंग असतो.

११/ १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत आट्यांवर फिरवून बसवण्याचा बंद डबा-फिल्टर आला. आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो हाच. भांडे नाही, वाटी नाही. अख्खा डबा काढून टाकायचा. काम सोपे झाले, पण दर खेपेचा खर्च ठळक दिसू लागला. आणि तेथूनच 'या वेळी राहू द्या' हे वाक्य रुळायला जागा मिळाली.

१२/ हे वाक्य केवळ ग्राहकांचे नव्हते. १९७० आणि १९८० च्या दशकांतील जनरल मोटर्सच्या अनेक पुस्तिकांत स्पष्ट सूचना आढळते : पहिल्या तेलबदलाच्या वेळी फिल्टर बदला, त्यानंतर एक सोडून एक. पुढे होंडाच्या अमेरिकेतील मोटारी पडद्यावर संकेत दाखवू लागल्या. 'ए' म्हणजे फक्त तेल, 'बी' म्हणजे तेल व फिल्टर. म्हणजे वडिलांचा नियम अडाणी नाही. मोठमोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांनी तो छापून दिलेला आहे.

१३/ त्यामागे विचारही आहे. कागदी फिल्टर थोडा वापरला की त्याची मोठी छिद्रे अडकलेल्या कणांनी अंशतः भरतात आणि काही काळ तो नव्याहून बारीक गाळतो. तुंबेपर्यंत त्याच्यात पुष्कळ जागा शिल्लक असते. जुना फिल्टर 'वाया गेलेला' असतोच असे नाही, हे मान्य केले पाहिजे.

१४/ पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. छोट्या मोटारीच्या फिल्टरमध्ये पाव लिटरपर्यंत जुने तेल राहून जाते आणि ते नव्या तेलात मिसळते. गाडी बंद असताना फिल्टरमधील तेल खाली उतरू नये म्हणून आत रबरी झडप असते. उष्णतेने तिचे रबर कडक होते. मग सकाळी गाडी सुरू करताना काही क्षण बेअरिंगला तेल मिळत नाही.

१५/ आणि बारीक कणांचे काय? १९८८ मध्ये जनरल मोटर्सचे डेव्हिड स्टेली यांनी इंजिनांवर केलेल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ४० मायक्रॉनच्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने झीज सुमारे निम्म्याने घटली आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने सुमारे ७० टक्क्यांनी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले की ही लढाई किती सूक्ष्म आहे ते कळते.

१६/ मग आजोबा बरोबर की मी? येथे मी पुन्हा वही उघडली, आणि या वेळी शेऱ्यांऐवजी किलोमीटरचा रकाना वाचला. आजोबा साधारण २,५०० किलोमीटरला तेल बदलत. एक सोडून एक म्हणजे त्यांचा फिल्टर ५,००० किलोमीटर चाले. वडिलांच्या आजच्या गाडीचे तेल १०,००० किलोमीटरला बदलते. तिच्यावर तोच नियम लावला की फिल्टर २०,००० किलोमीटर चालतो. नियमाचे शब्द तेच राहिले, पण त्याचा अर्थ चौपट झाला.

१७/ तेलबदलाचे अंतर का वाढले, हाही इतिहासच आहे. तेलात काजळी धरून ठेवणारी रसायने मिसळू लागली. १९६० च्या दशकापासून इंजिनातील वायू बाहेर न सोडता पुन्हा जाळण्याची बंदिस्त व्यवस्था आली. शिसेयुक्त पेट्रोल गेले; भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि तेलात उतरणारे शिशाचे क्षार थांबले. तेल दीर्घायुषी झाले. त्याबरोबर फिल्टरवरही एका खेपेचा भार वाढला, कारण आता त्याने एका तेलबदलात तितके अंतर काढायचे होते, जितके पूर्वी तो दोन वा तीन बदलांत काढी.

१८/ इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवतात की कोणतेही विधान त्याच्या काळापासून तोडून वाचू नये. जुन्या दस्तऐवजात 'बिघा' आला की आपण प्रथम विचारतो, कोणत्या प्रांताचा, कोणत्या काळाचा? 'एक सोडून एक' हे मापही तसेच आहे. ते कोणत्या तेलाचे, कोणत्या फिल्टरचे आणि किती किलोमीटरचे, हे विचारल्याशिवाय ते वापरता येत नाही.

१९/ तेव्हा व्यवहारातले उत्तर असे. आपल्या गाडीची पुस्तिका दर वेळी फिल्टर बदला म्हणत असेल, तर बदलावा. धुळीच्या रस्त्यांवर किंवा रोजच्या छोट्या फेऱ्यांत चालणारी गाडी असेल, तर अधिक काटेकोर राहावे. कुणी हौसेने ३,००० किलोमीटरलाच तेल बदलत असेल, तर एक खेप तोच फिल्टर ठेवल्याने आकाश कोसळणार नाही. जाळी असेल तर धुवावी. कागद असेल तर कधीही धुऊ नये.

२०/ वडिलांना मी वहीतील ते दोन रकाने दाखवले. त्यांनी चष्मा लावून स्वतः बेरीज केली, थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे अण्णा तर माझ्यापेक्षा लवकर फिल्टर बदलत होते." दुसऱ्या दिवशी नवा फिल्टर बसला. नियम मोडला असे त्यांना वाटले नाही. आजोबांचा खरा नियम पाळला, असेच वाटले.

२१/ शेवटी एक विनंती. आपल्या घरी जुन्या गाडीची, स्कूटरची, शेतीच्या इंजिनाची पुस्तिका किंवा खर्चाची वही असेल तर ती रद्दीत देऊ नका. तिचे फोटो काढून ठेवा आणि तारखा व किलोमीटरचे रकाने आवर्जून घ्या. आपल्या आजोबा-आजींच्या पिढीने यंत्रांसोबत कसा संसार केला, हे अशाच तेलकट पानांवरून पुढे कुणाला तरी लिहिता येईल. धागा येथे संपवते.