जखमेवरचा मध

१९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये सोलापूरहून गेलेला एक शोधलेख छापून आला. तिथल्या डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद एम. सुब्रह्मण्यम यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांचे दोन गट केले होते. ५२ जणांच्या जखमांवर मधाची पट्टी आणि ५२ जणांना सिल्व्हर सल्फाडायझीन, म्हणजे भाजलेल्या जागी आपल्याकडे सर्रास लावतात ते पांढरे औषध. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटातल्या ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाखालच्या ८७ टक्के जखमा भरून आल्या, दुसरीकडे १० टक्के.

आकडे इतके एकतर्फी आहेत की ते जपूनच वाचावेत. नावाजलेले औषध लावूनही शंभरातल्या त्र्याण्णव जखमांत जंतू टिकून राहावेत, हे मला खटकते. पण आजीच्या बटव्यातली म्हणून बाजूला सारलेली वस्तू रुग्णालयात आणून, चालू औषधाशेजारी ठेवून, दिवस मोजून पाहण्याचे काम सोलापुरात झाले आणि जगभरचे अभ्यासक त्याचा दाखला देत आले. याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही.

मधाची पट्टी मात्र फार जुनी. एडविन स्मिथ या अमेरिकी माणसाने १८६२ मध्ये इजिप्तमधल्या लक्सरला एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी तिचे भाषांतर १९३० साली प्रसिद्ध केले, तेव्हा ते शस्त्रवैद्यकाचे पुस्तक असल्याचे साऱ्यांना कळले. इसवी सनापूर्वी १६००च्या सुमाराची ही नक्कल, मूळ मजकूर त्याहूनही जुना. डोक्यापासून खाली उतरत जाणारी ४८ प्रकरणे, आणि जखमेचा उपचार बहुतेक ठिकाणी एकच : पहिल्या दिवशी ताजे मांस बांधायचे, मग रोज चरबी, मध आणि वनस्पतीचे तंतू.

आता सुश्रुतसंहिता पाहा. फाटलेली कानाची पाळी जोडण्याची कृती सूत्रस्थानात आहे. पाळीच्या कडा जुळवल्या की त्यांवर मध आणि तूप लावायचे, वरून कापसाचा बोळा किंवा कापडाची पट्टी ठेवायची आणि दोऱ्याने बांधायचे. नाईलकाठी चरबी, मध आणि तंतू; इथे तूप, मध आणि कापूस. मध जखम शुद्ध करतो, भरून आणतो, तुटलेले सांधतो, असे सुश्रुताने त्याचे गुण सांगितले आहेत. दोन्हीकडच्या वैद्यांनी जखमा उघडून रोज पाहिल्या असणार; स्निग्ध पदार्थ असला की पट्टी उचकटताना कातडी सोलत नाही, हेही त्यांच्या ध्यानात आले असणार. इजिप्तचे मिश्रण गुइदो माय्नो या विकृतिशास्त्रज्ञाने पुन्हा करून जिवाणूंवर तपासले. जिवाणू मेले.

का मेले? याचे सोपे उत्तर साखर. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर आणि जेमतेम सतरा-अठरा टक्के पाणी. इतक्या दाट पाकात जिवाणूच्या पेशीतले पाणी ओढले जाते; लोणची-मुरांबे टिकतात तेही असेच. शिवाय मध चांगलाच आम्लधर्मी. पण हे उत्तर जखमेवर अपुरे पडते. जखमेतून लस वाहत असते, तिने मध पातळ होतो, आणि पातळ पाकात जिवाणू मजेत वाढायला हवेत. प्रत्यक्षात पातळ झालेला मधही त्यांना रोखतो. मधाच्या जंतुनाशक गुणाची नोंद व्हान केटेल या डच संशोधकाने १८९२ मध्ये केली होती. जर्मनीत डोल्ड आणि सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये त्यामागच्या घटकाला ‘इनहिबिन’ असे नाव दिले. तो घटक उष्णतेने आणि उजेडाने नष्ट होतो, एवढे त्यांना दिसले होते. पण वेळ चुकली होती. सल्फा औषधे नुकतीच आली होती, पाठोपाठ पेनिसिलिन आले, आणि मधाकडे पाहायला डॉक्टरांना सवड उरली नाही.

इनहिबिन म्हणजे काय, हे १९६३ मध्ये अमेरिकेत जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले : हायड्रोजन पेरॉक्साइड! त्याचा उगम मला या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. कामकरी माशीच्या डोक्यातल्या ग्रंथींतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर मकरंदात मिसळते. मकरंद पातळ असतो, तो आटून दाट व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात तो आंबून जाण्याचा धोका. हे विकर ग्लुकोजपासून पेरॉक्साइड तयार करून त्याची राखण करते. मध पिकला, पाणी उडाले, की विकर निपचित पडते. जखमेवरच्या लशीने मध पुन्हा पातळ झाला की ते परत कामाला लागते. तयार होणारे पेरॉक्साइड अगदी थोडे, बाटलीतल्या ३ टक्के द्रावणाच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतके, पण ते सतत झिरपत राहते. म्हणून जंतू मरतात आणि नव्या मांसाला फारशी इजा होत नाही.

यात एक अडचण होती. आपल्या रक्तात आणि ऊतींत कॅटलेज नावाचे विकर असते, आणि ते पेरॉक्साइड मोडून टाकते. न्यूझीलंडमधल्या वायकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांनी १९८०च्या दशकात वेगवेगळ्या मधांत मुद्दाम कॅटलेज घालून पाहिले. बहुतेकांचा जोर ओसरला. मानुका झुडपाच्या मधाचा ओसरला नाही. मोलन यांनी त्याची ताकद फिनॉलशी ताडून मोजली. फिनॉल म्हणजे शल्यविशारद लिस्टर शस्त्रक्रियेत जंतू मारायला वापरत तेच कार्बोलिक आम्ल. आत नेमके काय आहे, हे कळायला २००८ उजाडले. ड्रेस्डेनच्या थॉमस हेन्ले यांच्या चमूला त्यात भरपूर मिथिलग्लायऑक्झल सापडले. फुलाच्या मकरंदातल्या डायहायड्रॉक्सिअॅसिटोनपासून ते मध साठवणीत असताना हळूहळू बनते. २०१० मध्ये अॅमस्टरडॅमच्या संशोधकांना आणखी एका वैद्यकीय मधात माशीच्याच शरीरात तयार होणारे डिफेन्सिन हे प्रथिन जंतूंशी लढताना दिसले.

म्हणजे ‘मध’ हे एकच औषध नव्हे. फूल बदलले, माशी बदलली, भांडे तापवले, की त्याचे हत्यार बदलते. हा फरक डोळ्यांआड करून मधाचे कौतुक करणाऱ्यांवर माझा रोष आहे. तापवून गाळलेल्या बाजारी मधातले ते विकर बरेचसे गेलेले असते. न तापवलेल्या मधात बोट्युलिझम घडवणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात, आणि ते साध्या उकळीलाही दाद देत नाहीत. म्हणूनच ड्रेसिंगसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात : बीजाणू मरतात, विकर शाबूत राहते. असे मानुका मधाचे ड्रेसिंग अमेरिकेत २००७ पासून मंजूर आहे.

२०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने २६ चाचण्या एकत्र तपासल्या. अर्धवट खोलीच्या भाजण्यात मध नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा चार-पाच दिवस लवकर गुण देतो, आणि शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही उपयोगी पडतो, असा कौल त्यांनी दिला. मधुमेहींच्या पायाच्या जखमांबाबत मात्र तसा भरवसा देण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. घरोघरी मधुमेही असलेल्या आपल्याकडे नेमका हाच प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, आणि तो सोडवायला सोलापूरसारखीच, पण आणखी मोठी आणि काटेकोर चाचणी इथल्याच रुग्णालयांत व्हायला हवी.