माळावरची गोष्ट

आजीच्या गोष्टीत सगळ्यात आधी उंदीर पडायचा. "उंदीर पडला की गाव उठायचं," एवढं म्हणून ती थांबायची आणि आम्ही पोरं गोधडीत पाय आखडून घ्यायचो. तिनं स्वतः प्लेग पाहिला नव्हता. पाहिला होता तिच्या आजेसासूनं, इंदापूर तालुक्यातल्या आमच्या आजोळी, निमगाव केतकीच्या पानमळ्यांपलीकडे. घरांना कड्या घालून माणसं माळावर गेली, कडब्याच्या खोपटांत राहिली. कुणी भेटायला आलं तर लांबूनच बोलायचं. भाकरी दगडावर ठेवायची नि मागं सरायचं. गोष्टीचा शेवट ठरलेला असे : "जे पांगले, ते जगले."

प्लेगपुरतं ते खरंच होतं. तो रोग उंदरांच्या पिसवांवरून माणसाकडे येई, म्हणून उंदीर पडलेलं घर सोडणं हा मोठा उपाय होता. गावानं तो जिवाच्या मोलानं शिकून घेतला आणि आज्यांनी गोष्टीत जपून ठेवला. शंभर वर्षांनी निराळाच आजार आला, तेव्हा आमच्या घरानं हे जुनं शहाणपण त्याला लावलं.

थोरला मामा ट्रकवर होता. साखरेची पोती भरून पुणे-सोलापूर रस्त्यानं निघाला की महिना महिना घरी नसे. १९९७च्या दिवाळीत आला तो खंगूनच. ताप, जुलाब, तोंडात चट्टे. एका दवाखान्यात रक्त तपासलं. तिथल्या माणसानं व्हरांड्यात, दहा जणांदेखत निकाल सांगितला. आम्ही परतायच्या आत ती बातमी गावात पोहोचली होती.

आजीनं त्याच रात्री मामाची खाट गोठ्याच्या पडवीत टाकली. त्याचं जर्मनचं ताट वेगळं केलं, काठाला खिळ्यानं खूण पाडली. तिला त्याचा जाच करायचा नव्हता. आजेसासूनं सांगितलं तसं ती घर वाचवत होती. भाकरी ठेवायची नि मागं सरायचं. शेवटचे तीन महिने मामाच्या अंगाला हात लागला तो फक्त मामीचा. फेब्रुवारीत तो गेला. मग चोविशीतल्या मामीचं रक्त तपासलं. तीही 'पॉझिटिव्ह' निघाली आणि तिला माहेरी धाडलं. सहा महिन्यांत माहेरानंही तिला परत आणून सोडलं.

आपल्या देशात एचआयव्ही हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईत. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी तो शोधला. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. १९९२ साली एड्स नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच वर्षी पुण्याला भोसरीत 'नारी' ही संशोधन संस्था उभी राहिली. मामा गेला तेव्हा तीन औषधांचा उपचार जगात होता, पण त्याला वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. २००१ मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या युसूफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला आणि आफ्रिकेतल्या गरिबांना आशा लागली. याच सिप्लाचा एक कारखाना कुरकुंभला आहे, मामा साखर घेऊन जायचा त्याच रस्त्यावर. आपल्याकडे सरकारी रुग्णालयातून फुकट गोळ्या मिळायला १ एप्रिल २००४ उजाडलं. सुरुवात झाली ती देशातल्या अवघ्या आठ रुग्णालयांत, त्यांत मुंबईचं जे. जे. होतं.

गोळ्या येण्याआधी आमच्या घरी एक ताई आली. बारामतीहून एसटीनं आलेली, खांद्याला कापडी पिशवी. ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "आजी, पाणी पाजता का? ह्यांच्या हातचं द्या." तिनं मामीकडं बोट दाखवलं.

आजी दचकली. "तिला काय झालंय, म्हाईत हाय का तुला?"

"तेच मला पण झालंय, आजी. सात वर्षं झाली."

आजी तिच्याकडं बघतच राहिली. धडधाकट बाई, कपाळाला टिकली, घटाघटा पाणी पिणारी. आजीच्या गोष्टीत असं माणूसच नव्हतं.

अशा बायाबापड्या तेव्हा गावोगाव हिंडू लागल्या होत्या. पुण्यात पॉझिटिव्ह माणसांनी स्वतःची राज्यभराची संस्था बांधली, तिला सगळे 'एनएमपी प्लस' म्हणतात. ज्याला आजार आहे त्याचं म्हणणं निर्णयात धरलं पाहिजे, हे आजारी माणसांनीच १९८३ साली अमेरिकेत डेन्व्हरला मांडलं होतं. १९९४ साली पॅरिसला ४२ देशांनी ते मान्य केलं. आमच्या ओट्यावर त्याचा अर्थ एवढाच होता, की डॉक्टरनं सांगून जे आजीला पटलं नसतं, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं.

पुढं मामी गोळ्यांसाठी पुण्याच्या ससून रुग्णालयात जाऊ लागली. गावापासून सव्वाशे किलोमीटरच्या वर. पहाटेची एसटी, मग रांग, मग 'सीडी फोर', म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, किती आला त्याची धास्ती. तेव्हा आकडा दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळ्या सुरू होत नसत. ताईच्या गटातली एक बाई रांगेत जागा धरी, दुसरी पोरं सांभाळी. काही जणी घरी 'गुडघ्याच्या गोळ्या' सांगून डबी लपवत. गोळी दर बारा तासांनी, आणि ती चुकवली तर औषध निकामी होण्याचं भय. बाकीची कामंही गटच करी : संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, विधवेचं नाव सातबारावर लावण्यासाठी तलाठ्याकडं खेटे, बाळंतपणाआधी तपासणी करून घेणं. आईला आणि बाळाला वेळेवर औषध मिळालं तर बाळ बहुतेक वेळा वाचतं, हे मामीच घरोघर सांगू लागली.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात सरकारनं 'लिंक वर्कर' नेमले, गावातलीच मुलगी नि गावातलाच मुलगा. दसरा-दिवाळीनंतर बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. फड हलला की दवाखाना मागं राहतो आणि गोळ्या तुटतात. कोप्यांवर जाऊन, मुकादमाला कळू न देता, कुणाच्या किती गोळ्या उरल्यात हे विचारणं, हे या लिंक वर्करचं काम कागदावर चार शब्दांचं आहे. प्रत्यक्षात त्याला ओळखीचं, तोंड मिटून ठेवणारं माणूस लागतं.

एकदा ताईनं पंढरपूरच्या मंगलताई शहांची हकिकत सांगितली. आईबाप एड्सनं गेलेल्या दोन मुली नातेवाइकांनी गोठ्यात टाकल्या होत्या. मंगलताईंनी त्यांना घरी आणलं आणि २००१ मध्ये 'पालवी' उभी राहिली. 'गोठ्यात' हा शब्द ऐकून आजी उठून आत गेली.

त्या रात्री तिनं प्लेगची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी शेवट लांबला. "आजेसासू माळावर गेली, पर तिच्या अंगात ताप होता. तिला चालवत न्हवतं. शेजारणीनं पाठंगुळी मारून न्हेली. त्ये मी तुमास्नी कधी सांगितलंच न्हाई." थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्या लेकाला मी खाटेवर ठिवला."

प्लेगच्या त्याच साथीत, १८९७ साली, आमच्या रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला, सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याचं एक आजारी पोर पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आणलं होतं. पोर जगलं. १० मार्चला सावित्रीबाई प्लेगनं गेल्या. पांगण्याच्या गोष्टी आम्ही जपल्या, उचलून नेण्याच्या विसरलो.

आता पुष्कळ बदललंय. २०१७ पासून 'सीडी फोर'ची वाट न पाहता लगेच उपचार मिळतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानं व्हरांड्यातल्या त्या निकालासारख्या गोष्टींना मनाई केलीय. नियमित गोळ्यांनी विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. साध्या एसटीत बाधितांना तिकीट माफ आहे. औषधाचा खर्च सरकार करतं. पण सोबत जाणारीचं मानधन, बसायला एक खोली, फोनचे पैसे हे सगळं प्रकल्पावर चालतं. प्रकल्प काही वर्षांत संपतो, गोळी जन्मभराची असते. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेनं परदेशी मदत एकाएकी रोखली, तेव्हा आफ्रिकेत कितीतरी ठिकाणी आधी घरोघर फिरणारी माणसंच घरी बसली. माझं मागणं एवढंच आहे : बारामती-इंदापूरच्या अशा गटांना ग्रामपंचायतीनं, कारखान्यानं, तुम्ही-आम्ही कायमचा आधार द्यावा, एक डिसेंबरच्या, एड्स दिनाच्या हारापुरता नको.

आजी आता नाही. ते जर्मनचं ताट मामीनं मोडीत घातलं. गेल्या आषाढात तुकोबांची पालखी निमगाव केतकीला मुक्कामाला होती. आमच्या अंगणात दिंडीची पंगत बसली होती आणि मामी पिठलं वाढत होती. रात्री नऊला तिचा मोबाइल वाजला. तिनं पातेलं खाली ठेवलं, कनवटीची डबी काढली, आणि ज्या तांब्यातून वारकऱ्यांना पाणी दिलं त्याच तांब्यातून घोट घेऊन गोळी गिळली. शेजारच्या म्हाताऱ्या माळकरणीनं विचारलं, "कशाची गोळी, माय?"

मामीनं खरं ते सांगितलं. म्हातारीनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि ताट पुढं केलं. "अजून थोडं पिठलं वाढ."