दत्तक बाळासाठी रशियाचा हिवाळी प्रवास

सोव्हिएत संघराज्याचे १९९१ मध्ये विघटन झाले आणि त्यानंतर रशियातील शिशुगृहांची दारे परदेशी पालकांसाठी उघडली. पुढील दोन दशकांत एकट्या अमेरिकेतील कुटुंबांनी सुमारे ६० हजार रशियन मुले दत्तक घेतली. २००४ मध्ये हा ओघ सर्वाधिक होता. त्या एका वर्षात ५,८०० हून अधिक मुले अमेरिकेत गेली. इटली, स्पेन आणि फ्रान्समधील दांपत्येही मोठ्या संख्येने येत असत. बाळ घरी नेण्यासाठी या पालकांना साधारणपणे दोन वेळा रशियाचा प्रवास करावा लागे आणि अनेकांच्या वाट्याला त्यातील एक तरी प्रवास ऐन हिवाळ्यात येई.

पहिला प्रवास : ओळख

प्रवासाआधीची तयारी अनेक महिने चाले. सामाजिक कार्यकर्त्याने घरी येऊन तयार केलेला अहवाल, उत्पन्नाचे दाखले, पोलिसांचे प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासण्या ही सारी कागदपत्रे रशियन भाषेत अनुवादित व साक्षांकित करावी लागत. दुसऱ्या बाजूला बाळाचे नाव सरकारी नोंदवहीत असे. ठरावीक काळ त्याला रशियन कुटुंब मिळाले नाही, तरच ते परदेशी दांपत्याला दाखविले जाई.

पहिल्या भेटीत पालक दुभाष्यासह शिशुगृहात जात. तीन-चार वर्षांपर्यंतची मुले अशा शिशुगृहांत, तर त्याहून मोठी मुले बालगृहांत ठेवली जातात. बाहेर बर्फ आणि आत गरम पाण्याच्या नळांनी तापविलेल्या उबदार खोल्या, असे चित्र असे. मॉस्कोत जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली सहा-सात अंश असते. सैबेरियातील नोव्होसिबिर्स्कमध्ये ते उणे १६ अंशांच्या आसपास जाते. डिसेंबरात मॉस्कोत दिवस जेमतेम सात तासांचा असल्याने पालक सकाळी अंधारात निघत आणि संध्याकाळी अंधारातच परतत. काही दिवसांच्या भेटीनंतर संमतीच्या कागदावर सही करून त्यांना बाळाला तेथेच ठेवून मायदेशी परतावे लागे. न्यायालयाची तारीख मिळेपर्यंत कित्येक आठवडे, कधी काही महिने जात.

दुसरा प्रवास : न्यायालय आणि दहा दिवस

दत्तकविधानाचा निर्णय प्रांतिक न्यायालय बंद दाराआड देत असे. सुनावणीस सरकारी वकील व बालसंरक्षण खात्याचे प्रतिनिधी उपस्थित असत. 'याच बाळाला का?' या प्रश्नाचे उत्तर पालकांना उभे राहून द्यावे लागे. निर्णय अनुकूल लागला, तरी तो अमलात येण्यासाठी दहा दिवस थांबावे लागे. अपवादात्मक परिस्थितीतच न्यायाधीश ही मुदत माफ करीत.

हिवाळ्यात या मुदतीला सुट्ट्यांची जोड मिळे. २००५ पासून रशियात नववर्षाची सलग सुट्टी सुरू झाली. ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्स नाताळ येतो. त्यामुळे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरकारी कार्यालये बंद असत व पुढची कागदपत्रे अडून राहत.

शिशुगृहातून निघताना अंगावरचे कपडे संस्थेकडे परत द्यावे लागत. म्हणून पालक अंदाजाने मापाचे लोकरीचे कपडे, टोपी आणि आपादमस्तक झाकणारा जाड पोशाख बरोबर आणत. बाळाच्या डोक्यावर टोपी नसली, तर रस्त्यावरील अनोळखी आजीबाईदेखील थांबून खडसावते, हा अनुभव परदेशी पालकांना हमखास येई. त्यानंतर नवा जन्मदाखला, बाळाचा रशियन पासपोर्ट, मॉस्कोत वैद्यकीय तपासणी व दूतावासाचा व्हिसा असा क्रम असे. २००१ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा बाळाला अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवताच नागरिकत्व मिळे. मात्र रशियाशी संबंध तेथे संपत नसे. पुढील तीन वर्षे पालकांना त्याच्या संगोपनाचे अहवाल पाठवावे लागत.

२०१२ चा हिवाळा

एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतील एका दत्तक मातेने सात वर्षांच्या मुलाला चिठ्ठीसह एकट्याने विमानाने मॉस्कोला परत पाठविले. रशियात संतापाची लाट उसळली. दोन्ही देशांनी २०११ मध्ये करार केला आणि १ नोव्हेंबर २०१२ पासून तो अमलात आला. पण डिसेंबरमध्ये अमेरिकेने मानवी हक्कांच्या प्रश्नावर रशियन अधिकाऱ्यांविरुद्ध मॅग्निट्स्की कायदा केला. त्याला उत्तर म्हणून २८ डिसेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांनी अमेरिकी पालकांना दत्तकबंदी करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. २००८ मध्ये व्हर्जिनियात बंद मोटारीत दगावलेल्या बालकाच्या नावाने तो 'दिमा याकोव्लेव्ह कायदा' म्हणून ओळखला जातो.

१ जानेवारी २०१३ पूर्वी न्यायालयाचा निर्णय मिळालेल्या पालकांना बाळ नेता आले. पहिला प्रवास झालेला, पण न्यायालयाची तारीख न आलेल्या पालकांना मात्र दुसरा प्रवास करताच आला नाही. बाळाने त्यांना पाहिले होते, ओळखले होते. कायद्याच्या लेखी ते परकेच राहिले. अशा ४५ अमेरिकी नागरिकांनी २७ मुलांच्या वतीने युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०१७ मध्ये न्यायालयाने ही बंदी भेदभाव करणारी ठरविली आणि भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर चार वर्षे उलटली होती. बंदी उठली नाही.

आंतरदेशीय दत्तकविधानासाठीच्या १९९३ च्या हेग करारात भारत २००३ मध्ये सहभागी झाला. रशियाने २००० मध्ये त्यावर सही केली, मात्र त्याला मान्यता दिली नाही. पालकांची छाननी व्हावी, बाळाला आधी स्वदेशातच घर शोधावे, हे नियम आवश्यकच आहेत. तथापि भेट घडवून आणल्यानंतर निर्णय लांबविण्याची किंमत बाळालाच मोजावी लागते, हे त्या हिवाळ्याने दाखवून दिले.