सरकारी कागद गोपनीय कधी ठरतो?

सरकारी कार्यालयातील फाइलवर 'गोपनीय' असा लाल शिक्का दिसला की तो कागद नागरिकाला कदापि मिळणार नाही, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याची स्थिती मात्र तशी नाही.

या विषयाचे मूळ १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात सापडते. त्यापूर्वी १८८९ चा कायदा होता. दोन्ही ब्रिटिश राजवटीचे अपत्य. या अधिनियमाच्या कलम ५ नुसार पदामुळे हाती आलेली गुप्त माहिती अनधिकृत व्यक्तीला देणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जाणूनबुजून माहिती घेणाराही त्यात अडकतो. हेरगिरीसाठीचे कलम ३ अधिक कडक असून संरक्षणविषयक बाबतीत शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. मौज अशी की, 'गुपित' म्हणजे नेमके काय, याची व्याख्याच या कायद्यात नाही! परमगुप्त, गुप्त, गोपनीय आणि निर्बंधित ही वर्गवारी येते ती प्रशासकीय सूचनांतून. म्हणजे शिक्का मारण्याचा निर्णय अखेर अधिकाऱ्याच्या हाती.

फौजदारी कारवाई विरळाच होते. कर्मचाऱ्याला रोजची भीती असते ती वर्तणूक नियमांची. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ चे, तर राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. भंग झाल्यास विभागीय चौकशी होते, आणि प्रकरण बडतर्फीपर्यंतही जाऊ शकते. गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कामकाजाविषयी लिहिण्यासाठी पूर्वपरवानगीची अट असून २०२१ मध्ये ती अधिक कठोर करण्यात आली.

२००५ च्या माहितीच्या अधिकाराने हे चित्र पालटले. केंद्राच्या वर्तणूक नियमांतील नियम ११ पूर्वी अनधिकृतपणे माहिती देण्यास मनाई करणारा होता. तो बदलून, माहिती अधिकारानुसार सद्भावनेने माहिती देणे हेच कर्तव्य ठरविण्यात आले आणि मनाई परंतुकात गेली. अधिनियमाच्या कलम ८(२) नुसार, संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर १९२३ च्या कायद्याचा अडसर न मानता माहिती देता येते. कलम २२ ने दोहोंत विसंगती असल्यास नव्या कायद्याला वरचढ स्थान दिले, तर कलम २१ ने सद्भावनेने काम करणाऱ्यास संरक्षण दिले.

न्यायालयांचा कलही याच दिशेने आहे. देवदत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, मग तो 'चांगला' का असेना, संबंधित कर्मचाऱ्याला कळविणे आवश्यक ठरविले. राफेल व्यवहाराची फुटलेली कागदपत्रे विचारात घेऊ नयेत, हा केंद्र सरकारचा आक्षेप १० एप्रिल २०१९ रोजी फेटाळताना न्यायालयाने कलम ८(२) चाही आधार घेतला. (फेरविचार याचिका पुढे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेटाळल्या गेल्या, ही गोष्ट वेगळी.)

तरीही टेबलामागच्या माहिती अधिकाऱ्याचा हात आखडतो, त्याचे कारण हिशेबात आहे. माहिती विनाकारण नाकारली तर दंड दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार. जी द्यायला नको होती ती दिली, तर नोकरी पणाला. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच १९२३ चा कायदा रद्द करण्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही.