शंका घ्यायला शिकवणारा तास

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी काही तासांत २८ देशांमधल्या एटीएममधून पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे पैसे निघत राहिले. कार्डे बनावट होती, पण एटीएमना त्याचा पत्ता नव्हता. पैसे देण्याआधी एटीएम बँकेच्या यंत्रणेला विचारते, या कार्डावर एवढी रक्कम द्यायची का? हल्लेखोरांनी त्या वाटेत आपली खोटी यंत्रणा उभी केली होती आणि ती येईल त्या प्रश्नाला होकार देत होती. सोमवारी, १३ तारखेला, हाँगकाँगमधल्या एका खात्यात आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये वळते झाले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या पुढे गेले.

ही हकीकत नववीच्या वर्गात सांगावी आणि गप्प बसावे. कुणाचा पासवर्ड फुटला, यावर मुले थोडा वेळ अडतील. मग एखादी मुलगी विचारेल, की होकार देणारा कोण आहे हे तपासायचे काम कुणाचे होते? हा प्रश्न आला की विषयाला सुरुवात झाली असे समजावे. समोरचा स्वतःला जो म्हणवतो तोच आहे हे कशावरून, आणि त्याला हे मागायचा अधिकार आहे का, या दोन प्रश्नांवर सायबर सुरक्षेचा बराचसा डोलारा उभा आहे. ते विचारायला संगणक लागत नाही.

माध्यमिक शाळेत मात्र हा विषय सहसा सूचनांच्या रूपाने येतो. पासवर्ड कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, फोटो टाकू नका. सूचना चुकीच्या नाहीत, अपुऱ्या आहेत. लिंक अनोळखी आहे हे ओळखायचे कसे, ते त्यात नसते. शाळेचे नाव घेऊन आलेला संदेश मुलाला ओळखीचाच वाटणार.

असे का झाले, याला इतिहास आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक पोचले. तेव्हा संगणकाची ओळख होणे हेच मोठे होते. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने महाराष्ट्राच्या गावोगावी लोकांची माउसची भीती घालवली. ते काम लहान नव्हते. पण ‘संगणक येतो’ याचा अर्थ पत्र टाइप करता येणे, तक्ता भरता येणे असा होऊन बसला आणि शाळाही तिथेच रेंगाळल्या. इंग्लंडमध्ये याच दुखण्यावर रॉयल सोसायटीने २०१२ मध्ये अहवाल दिला आणि २०१४ पासून तिथल्या अभ्यासक्रमात ‘आयसीटी’च्या जागी ‘कम्प्युटिंग’ आले. वापरण्याकडून समजण्याकडे जायचा तो प्रयत्न होता. आपल्याकडे अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा चांगला ऐच्छिक विषय आहे, त्यात वेब पानांची रचना आहे, डेटाबेस आहे, सायबर कायदाही आहे. पण तो घेणाऱ्यांपुरताच, आणि तोही उशिरा. मोबाइल हातात त्याच्या कितीतरी आधी आलेला असतो.

मग नववी-दहावीच्या वेळापत्रकात नवा विषय कोंबायचा का? माझ्या मते तशी गरज नाही. बरीचशी सामग्री दुसऱ्या विषयांच्या तासांत आधीच पडून आहे.

गणित घ्या. आठवीत घातांक येतात. इंग्रजीतली आठ लहान अक्षरे वाटेल तशी निवडून केलेला पासवर्ड असेल, तर शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. आकडा ऐकून मुले खूश होतात. मग सांगावे की सेकंदाला दहा कोटी पासवर्ड तपासणारे यंत्र या सगळ्या शक्यता ३५ मिनिटांत संपवते. आता अक्षरे बारा करा. त्याच यंत्राला सुमारे ३० वर्षे लागतात. चार अक्षरांनी एवढा फरक का पडला, हे फळ्यावर मांडले की घातांकाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही. पण इथे थांबू नये, कारण खरी गंमत पुढे आहे. पासवर्ड जर आवडत्या खेळाडूचे नाव आणि जन्मसाल असा असेल, तर हा सगळा हिशेब कोलमडतो, कारण फोडणारा ‘ए’पासून सुरुवात करतच नाही, तो आधी लोकांच्या सवयी तपासतो. आणि एटीएमच्या चार अंकी पिनला तर अवघ्या दहा हजार शक्यता, तरी तो चालतो कसा? काही चुकीच्या प्रयत्नांनंतर कार्ड अडवले जाते म्हणून. हे उत्तर मुलांनीच शोधावे, शिक्षकाने घाई करू नये. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्ये पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी वाढू द्या असे सांगितले. त्यामागचे कारण मग वर्गाला पाठ करावे लागत नाही.

भाषेच्या तासालाही जागा आहे. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे ‘च’ लावायचा, म्हणजे ‘मला’चे ‘चलाम’ होते. ‘च’ची भाषा पिढ्यानपिढ्या मुले बोलत आली आहेत, मोठ्यांपासून गुपित ठेवायला. फक्त मोठ्यांनाही ती येत असते. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहिताना मांडलेले तत्त्व इथे हाताला लागते: पद्धत शत्रूला कळली तरी बिघडू नये, गुप्त राहायची ती फक्त किल्ली. ‘च’च्या भाषेला किल्लीच नाही. तिला किल्ली कशी जोडता येईल, हा गृहपाठ म्हणून द्यावा. तऱ्हेतऱ्हेची उत्तरे येतील, आणि ती एकमेकांकडून फोडून घ्यावीत.

क्यूआर कोडबद्दल थोडे सविस्तर. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली, आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. आज राज्यातल्या मुलांना पुस्तकातला कोड स्कॅन करणे नवे नाही. पण त्या काळ्यापांढऱ्या चौकोनात नेमके काय असते, हे क्वचितच कुणी सांगते. असतो फक्त मजकूर, बहुधा एखादा पत्ता. तो कुणालाही छापता येतो आणि दुकानातल्या खऱ्या कोडवर चिकटवताही येतो. स्कॅन करण्याची सवय लागली, वाचण्याची नाही लागली. याच्याच जोडीला यूपीआयचा एक नियम मुलांना उलगडून दाखवावा: पिन लागतो तो पैसे देताना. पैसे यायचे असतील तर काहीच टाकावे लागत नाही. तेव्हा ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ हे वाक्य ऐकताक्षणी खोटे ठरते, समोरचा कितीही गोड बोलो. एवढे कळलेला मुलगा घरी आजोबांना ते समजावून सांगतो. सूचनांची यादी पाठ केलेला सहसा सांगत नाही.

आता अवघड भाग. मुलीच्या फोटोत फेरफार करून कुणी तिला धमकावले, तर ती कुणाकडे जाईल? शाळेने तिला वर्षानुवर्षे ‘फोटो टाकू नका’ एवढेच शिकवले असेल, तर धमकी यायच्या आधीच ती स्वतःला दोषी ठरवून बसलेली असते. ती गप्प राहते, आणि धमकावणाऱ्याला हवी असते ती हीच शांतता. म्हणून धड्याचा क्रम उलटा हवा. आधी हे, की गुन्हा करणारा दुसरा आहे आणि कायदा तुझ्या बाजूने आहे. मग हे, की पुरावा पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, आणि पैशाची फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक आहे. खबरदारीच्या गोष्टी त्यानंतर.

कायदाही फक्त धाकासाठी शिकवू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा, त्यातले आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम ६६ अ आले २००८ च्या दुरुस्तीने. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते ‘लाइक’ केले, आणि पालघरच्या या दोघींना त्या कलमाखाली अटक झाली. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले. नागरिकशास्त्राच्या तासाला याहून जवळचे उदाहरण शोधून सापडणार नाही.

उलट बाजूही सांगावी लागते. जरा कळू लागले की हुशार मुलाचे हात शिवशिवतात. मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे याच कायद्याखाली गुन्हा आहे, हेतू गमतीचा होता म्हणून सुटका होतेच असे नाही. १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या कॉर्नेलच्या विद्यार्थ्याने सोडलेला प्रोग्रॅम त्याच्या अंदाजाबाहेर पसरला, हजारो संगणक मंदावले आणि त्याला न्यायालयात दोषी ठरवले गेले. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हेही मुलांना सांगावे. कुतूहल मारायचे नाही, त्याला स्वतःच्या यंत्राचे मैदान द्यायचे.

शिक्षकांना धास्ती असते की मुलांना आपल्यापेक्षा जास्त येते. बोटे वेगाने चालतात हे खरे. पण मुलांना अॅप येते, अॅपमागे काय चालते ते येत नाही, आणि प्रश्न लावून धरण्याची सवय तर वर्गातच लागते. इथे शिक्षकाचा अनुभव कामाला येतो.

याच विचाराने लिहिलेल्या या पुस्तकातले पाठ क्रमाने घ्यायची गरज नाही. गणिताच्या शिक्षकांनी पासवर्डपासून, भाषेच्या शिक्षकांनी गुप्तलेखनापासून, नागरिकशास्त्राच्या शिक्षकांनी पालघरच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. परीक्षेसाठी व्याख्या विचारू नयेत; एक खरा आणि एक बनावट संदेश देऊन कोणता कुठला आणि कशावरून, एवढे लिहायला सांगावे, आणि गुण ‘कशावरून’ला द्यावेत. इंटरनेट लागणारे पाठ शेवटच्या भागात एकत्र ठेवले आहेत. वीज आणि चालू संगणक यांची गाठ जिथे आठवड्यातून एखाद्याच दिवशी पडते, त्या शाळेतही आधीचे दोन भाग वर्षभरात सहज होतील.