दात, डोळा आणि तंजावरचे दप्तर

काही वर्षांपूर्वी सरकारी कामानिमित्त तंजावरास दहा दिवस राहण्याचा योग आला आणि तिसऱ्याच रात्री माझी वरची दाढ ठणकू लागली. यजमान तेथील जुन्या मराठी घराण्यातले. माझा सुजलेला गाल पाहून म्हणाले, “काही झाले तरी वरचा दात काढवू नका. डोळा जाईल.” दंतवैद्याला तो काढावयाचा नव्हताच; त्याने रूट कॅनाल करण्याचा सल्ला दिला. तेव्हा कचेरीतल्या एका विद्वान मित्राने दुसरे भय घातले. मेलेला दात तोंडात राखला की त्याचे विष अंगात भिनते, हृदय बिघडते, प्रसंगी कर्करोगही होतो, असे त्यांचे म्हणणे. एक दात काढू देईना, दुसरा ठेवू देईना. मी गाल धरून सरस्वती महाल ग्रंथालयात जाऊन बसलो.

या दोन्ही समजुतींचे मूळ अडाण्यांच्या बोलण्यात नाही, ही गोष्ट मला फार चमत्कारिक वाटते. पहिली थेट सुश्रुतसंहितेत आहे. वरचा घट्ट दात मुळासकट उपटला तर अतिरक्तस्राव होऊन मनुष्य काणा होतो, त्याचे तोंड वाकडे होते, म्हणून हालणारा असला तरी वरचा दात वैद्याने काढू नये, असे तेथे सांगितले आहे. सुश्रुताच्या काळी ही सावधगिरी शहाणपणाचीच होती. वरच्या जबड्यातला पू पसरला तर सूज डोळ्याखालपर्यंत चढते, हे कोणीही पाहू शकत होता. परंतु दृष्टीची नाडी वेगळी आणि दातांची वेगळी, हे शरीरशास्त्राने दाखविल्यावरही भीती मात्र घराघरांत राहिली. त्याच परंपरेत किडलेल्या दाताची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरून तप्त शलाकेने डागण्याचा उपायही आहे. म्हणजे दात राखण्याची धडपड आपल्याकडे नवी नव्हे.

दुसरी भीती विलायती आहे आणि तीही पंडितांचीच. 1910 साली विल्यम हंटर या इंग्रज वैद्याने माँट्रियल येथे व्याख्यान देऊन दातांवरच्या सोन्याच्या टोप्यांखाली दडलेल्या पुवावर कडक टीका केली. त्याचा रोख गलिच्छ कारागिरीवर होता; पण त्यातून प्रत्येक दुखण्याचे मूळ दातात शोधण्याची साथच उसळली. अमेरिकेत वेस्टन प्राइसने असे दात सशांच्या कातडीखाली बसविले, ससे आजारी पडले, आणि 1923 साली त्याने त्यावर दोन जाडजूड खंड प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे सांधेदुखीसाठी, इतकेच काय वेडासाठीसुद्धा, चांगले दात उपटले गेले. किती जणांनी आयुष्यभर पेज गिळली असेल!

ही लाट ओसरली ती साध्या ताळ्याने. 1936 साली फिश व मॅक्लीन यांनी हिरडीची फट आधी डागून मग दात काढला, तेव्हा आत जंतू सापडेनात. जंतू शिरत होते ते दात उपटतानाच! 1938 साली सेसिल व अँजेव्हाइन यांनी सांधेदुखीचे दोनशे रोगी तपासले. दात वा घशातल्या गाठी काढून त्यांना काही लाभ झालेला दिसेना. सेसिल पूर्वी त्याच मताचा पुरस्कर्ता होता. त्याने आपली चूक जाहीरपणे मांडली, हे मला विशेष वाटते.

ताळ्याचे हे कागद मला तंजावरातच आठवावेत हे साहजिक होते. सरफोजीराजे 1798 साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनीकडे गेला. उरलेल्या आयुष्यात, 1832 पर्यंत, त्यांनी ग्रंथ जमविले आणि धन्वंतरी महाल चालविला. तेथील नेत्ररोग्यांची टिपणे ग्रंथालयात आहेत. रोग्याची हकीकत, डोळ्याची रंगीत चित्रे, केलेला उपचार आणि पुढचा परिणाम, असा त्यांचा क्रम. राजांनी स्वतः शस्त्र चालविले अशी ख्याती आहे. मला त्या ख्यातीहून टिपणे मोठी वाटतात. ज्याच्यावर उपचार केला त्याचे पुढे काय झाले, हे लिहून ठेवणारा मनुष्य दुर्मिळ.

दंतवैद्याने मग मला कागदावर दात काढून दाखविला. दाताच्या आतला गर जंतूंनी सडतो, मुळाच्या टोकाशी पू साठतो आणि धोका या पुवाचा असतो. नलिका साफ करून, निर्जंतुक करून, गटापर्चा या झाडाच्या चिकाने ती भरून बंद करावयाची, एवढाच या उपचाराचा अर्थ. असा दात निर्जीव म्हणावा तर हिरडी आणि हाड त्याला भोवतालून धरून असतातच. असा दात हृदयरोग वा कर्करोग उत्पन्न करतो, याला भरवशाचा पुरावा नाही. मात्र उपचार कधी फसतो, नलिका पुन्हा उघडावी लागते, आणि दाढेवर टोपी बसविण्यात हयगय केली तर ती दुभंगते. हे त्याने आपण होऊन सांगितले, म्हणून माझा विश्वास बसला. वेदनेचे म्हणाल तर बधिरतेची सुई टोचली तेवढेच. ठणका त्या रात्रीपासून उतरू लागला.

दाढ अजून जागेवर आहे. यजमानांनी परवा पत्रात डोळ्याची चौकशी केली. त्या बाजूच्या डोळ्याला चष्मा लागला आहे खरा; पण दुसऱ्या बाजूच्याही डोळ्याला तेवढ्याच नंबराचा लागला आहे, असे मी त्यांना कळविले.